सातव्या दगडाखालचं चामडं

...आणि वर मलाच विचारतात, आप्पाराव, तुमी लोखंडातले एवढे जाणकार, मग तुमीच उभा केलेला नळ घसरला कसा? आता ह्याला काय जवाब द्यायचा? वैद्याच्या घरी कुणी मरतच न्हाई का? तुमाला सांगतो, सेलूच्या पेठेत माझं लोखंडी सामानाचं दुकान हाय, पंचवीस वर्सं झाली. खिळा घ्या, साखळी घ्या, पोहरा घ्या, नांगराचा फाळ घ्या. शाळेचं तोंड मी बघितलेलं न्हाई. अक्षरं शिकलो ती पेट्यांवरची, आकडे शिकलो ते वजनांवरचे, आणि लोखंड शिकलो ते गिऱ्हाइकांच्या शिव्या खाऊन.

एकदा पाथरीचा एक माणूस विहिरीची साखळी खांद्यावर टाकून आला. दुकानात आपटली अन् म्हणाला, ही बघा तुमची साखळी, वर्ष झालं न्हाई तर तुटली. मी कड्या चाचपून बघितल्या. वरच्या कड्या चांगल्या, पाण्यात बुडणाऱ्या खालच्या कड्या चांगल्या, आणि मधली जी विहिरीच्या काठावर दगडाला टेकून राहायची, तेवढीच खाल्लेली. तेव्हा मला उमगलं की लोखंड उघड्यावर एवढं खराब होत न्हाई, ते जिथं टेकतं ना, जिथं आपली नजर जात न्हाई, तिथं ओल धरून बसतं अन् तिथंच सडतं. बाहेरून बघाल तर कसं, एकदम ठणठणीत! लोखंड काय सांगून गंजत न्हाई.

हे मला ठाऊक होतं, बरं का. हे ठाऊक असून जे झालं ते झालं, म्हणून तर जीव जळतो.

तर नळ. गावाबाहेर दुधना नदीच्या अंगाला आबासाहेबांची जिनिंग होती, कापसातली सरकी काढायची. चालायची बॉयलरवर, आणि बॉयलर म्हणजे पाण्याला राक्षस. बैलगाडीवर पिंपं भरून भरून बैल मेटाकुटीला यायचे. एक्कावन्न साली आबासाहेबांच्या मनात आलं की नदीकाठच्या विहिरीवर पंप बसवावा आणि नळानं पाणी थेट बॉयलरपर्यंत आणावं. मला बोलावलं अन् म्हणाले, आप्पाराव, नळ तुमी द्या, मिस्त्री तुमी आणा, उभं करून तुमी द्या, मला नुसती तोटी फिरवू द्या. मोठ्या माणसांचं बरं असतं, त्यांच्या वाट्याला नेहमी तोटीच येते.

मिस्त्री म्हणजे मेहबूब. निजामाच्या रेल्वेत शिकलेला गडी. सगळे त्याला मुका मिस्त्री म्हणायचे, कारण दिवसाला चार वाक्यं बोलायचा आणि त्यातली तीन नळाशी. बोटातल्या अंगठीनं नळावर टकटक करायचा, कान लावायचा, मान हलवायचा, जसा काय नळानं त्याला घरचं दुखणं सांगितलं. अठ्ठेचाळीसच्या भादव्यात निजामाचं राज्य गेलं अन् गावोगावची माणसं बिथरली, तेव्हा त्याची बायको आणि तीन लेकरं आमच्या सरकीच्या कोठीत अकरा दिवस होती. मी? मी दुकानात बसून रामराम म्हणायलो होतो. पदराखाली भाकरी झाकून नेऊन देणारी आमची वच्छला, माझी बायको. मेहबूबनं ते कधी तोंडानं बोलून दाखवलं न्हाई, पण तिला 'भाभी' म्हणताना त्याची मान खाली जायची. मला नुसता 'आप्पा'.

मी म्हणालो, मिस्त्री, दगड मांडू, त्यावर नळ ठेवू, झालं की काम! त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काय मी म्हणालो की नवरीला वेशीत सोडून या, घर ती शोधून घेईल. म्हणाला, "आप्पा, लोहा पत्थर पे नंगा नक्को रखो." आणि मग त्या मुक्या माणसानं मला अर्धा तास शिकवलं. आपली जमीन काळी, उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, तिच्यात नळ गाडला तर ती त्याला पिळून मोडते, म्हणून नळ वरूनच न्यायचा. चौदा दगड, प्रत्येकाला वर खाच. पण खाचेत नळ टेकला की तिथं पाणी मुरणार, म्हणून मधे म्हशीचं जाड चामडं कढत डांबरात बुडवून घालायचं. वरून लोखंडी पट्टी, दोन्ही बाजूंनी नट. त्यातही तेरा दगडांवर पट्टी जरा सैल, का, तर उन्हानं नळ लांबतो अन् रात्री आखडतो, त्याला हलायला जागा पाहिजे. सगळीकडं आवळलात तर कुठंतरी फुटणारच. पण एका जागी पक्की पकड. ती सातव्या दगडावर, नदीची चढण संपते तिथं. खालच्या सगळ्या नळाचं वजन त्या एका दगडाला लोंबकळणार. तिथं नळाला कडं ठोकलं, कडं दगडाला अडवलं, चामडं दुप्पट जाड घातलं आणि पट्टी अशी आवळली की मेहबूबच्या कपाळाची शीर उभी राहिली.

आता ऐका माझा गाढवपणा. लोखंडाला गंज धरू नये म्हणून आधी शेंदूर लावतात, होय, तोच, देवाला लावतात तो, जवसाच्या तेलात कालवून. तो वाळला की वरून काळा रंग. काम संपलं आणि अर्धा डबा कालवलेला शेंदूर उरला. तो उद्यापर्यंत टिकत न्हाई, दगडासारखा घट्ट होतो. मेहबूब म्हणाला, फेको. फेको? मी वाणी माणूस! सुतळीचा तुकडा पडला तर मी उचलून कनवटीला लावतो, आणि अर्धा डबा शेंदूर फेकू? मी काय केलं, तो सगळा त्या सातव्या दगडालाच फासला. म्हणालो, एवढं वजन झेलायलाय बिचारा, त्यालाबी होऊ द्या दोन हात!

झालं. पहिल्या शनिवारी दगडावर एक फूल. मी म्हणालो, वाऱ्यानं आलं असेल. दुसऱ्या शनिवारी रुईच्या पानांची माळ. आता माळ काय वाऱ्यानं ओवली? तिसऱ्या शनिवारी नारळ, आणि तो फोडला कशावर, तर माझ्या नटावर! महिन्याभरात त्याला नाव पडलं, नळ्या मारुती. जिनिंगमध्ये कापूस निवडणारी धुरपताबाई तर सगळ्यांना सांगायची की बाकीच्या देवांकडं आपण चालत जातो, हा देव बघा, आपल्या पायानं कारखान्यात आला, गरिबाच्या हजेरीला. आणि रोज सकाळी बाया तांब्या तांब्या पाणी घालायल्या. दगडावर, पट्टीवर, नळावर. ज्या एका जागी थेंब राहू नये म्हणून आमी जीव काढला, त्या जागेला अभिषेक!

मेहबूब आला. म्हणाला, "आप्पा, पानी बंद कराव." तुमीच सांगा, त्यानं कुणाला सांगायचं होतं? मेहबूब नावाच्या माणसानं, त्या वर्सांत, मारुतीला पाणी घालू नका म्हणून सांगायचं? ते मीच सांगायचं होतं. देव न्हाई हो बायांनो, माझा उरलेला शेंदूर हाय, एवढंच. पण मी म्हणालो, बघतो. वाण्याचं 'बघतो' म्हणजे काय ते तुमाला सांगायला नको. मी बघत राहिलो, आणि लोखंड काय सांगून गंजत न्हाई.

का न्हाई बोललो? आता तेच सांगतो. थांबा जरा.

आमची एकच लेक. छबू. पन्नासच्या उन्हाळ्यात सहा वर्सांची होऊन गेली. पाच दिवस ताप, सहाव्या दिवशी काही न्हाई. त्यानंतर वच्छला बोलायचीच थांबली. स्वयंपाक करायची, झाडलोट करायची, दिवा लावायची, शब्द न्हाई. घरात भांड्यांचा आवाज तेवढा. मी दुकानात दिवसभर तोंडाची टकळी चालवायचो आणि घरी आलो की माझाच आवाज मला परक्या माणसाचा वाटायचा. वर्षाच्या वर गेलं असं. आणि मग कधीतरी ती सकाळची तांब्या घेऊन बाहेर पडायला लागली. कुठं, तर सातव्या दगडाकडं. माझ्याच शेंदराकडं! पण एक दिवस मी जेवायला बसलो असताना ती म्हणाली, "भाजीत मीठ कमी हाय का वो?" तुमाला सांगतो, त्या भाजीत मीठ नावाला न्हवतं, आणि मी ती तीन वेळा वाढून घेतली.

आता सांगा, कोणत्या तोंडानं सांगू तिला, की अगं तू जिथं डोकं टेकवायलीस तो देव न्हाई, तुझ्या नवऱ्याचा चिक्कूपणा हाय?

पुढच्या दिवाळीच्या सुमाराला गोठ्याच्या भिंतीवर मला काहीतरी काळं दिसलं. हातात घेतलं, वास घेतला. डांबर. सातव्या दगडाखालचं चामडं! रोजच्या पाण्यानं कुजलेलं, काठ भुगा झालेले. मला काय विचारायची गरजच पडली न्हाई. देवाखाली चामडं, बायांत कुजबुज झाली असणार, आणि माझ्या बायकोनं पुढं होऊन ते ओढून काढलं असणार. आणि खालचं चामडं निघालं म्हणजे काय? वरची पट्टी सैल झाली, लोखंड दगडावर उघडं पडलं आणि वरून रोज पाणी. मेहबूब जे जे करू नका म्हणाला होता ते सगळं एका जागी.

मी ठरवलं की कुणाला न सांगता आपणच नवीन तुकडा घालून येऊ. धोतरात चामडं लपवून एका संध्याकाळी गेलोबी. जाऊन बघतो तर सात-आठ बाया दिवा लावून बसलेल्या. धुरपताबाई म्हणाली, या शेटजी, देवानं बोलावलं तर आलात एकदाचे. काय करणार? मी नमस्कार केला. माझ्याच शेंदराला, पोटाशी म्हशीचं चामडं धरून, मी वाकून नमस्कार केला, अंगारा लावून घेतला आणि घरी आलो. पुन्हा जाऊ म्हणालो. मग सराई सुरू झाली, मग कुणाच्यातरी लग्नाची तिथी आली, मग आणिक काही. लोखंड थांबलं न्हाई. ते काय सांगून गंजत न्हाई.

त्रेपन्नची संक्रांत झाली अन् चौथ्या दिवशी सातव्या दगडावरचं कडं तुटलं. सगळा नळ एकदम खाली सरकला, म्हशीनं दावं तोडावं तसा. पंपाची मान मोडली, जोड फाटले, बॉयलर कोरडा पडला. ऐन कापसाच्या दिवसांत जिनिंग नऊ दिवस बंद. बाया फाटकाशी येऊन बसायच्या अन् परत जायच्या. आणि गंमत बघा, नारळ वाढले! देव रागावला म्हणून.

आबासाहेबांनी लिंबाखाली सगळ्यांना बोलावलं. मी, मेहबूब, मुकादम, धुरपताबाई, सगळे. आबासाहेब वाईट माणूस न्हवते. त्यांनी सरळ विचारलं, "आप्पाराव, तुमीच सांगा. लोखंड वाईट होतं का काम वाईट होतं?"

मेहबूबनं माझ्याकडं बघितलं. त्यानं सकाळीच जाऊन खाच बघितली होती, चामडं न्हाई हे बघितलं होतं, आणि ते कुणी काढलं हेबी त्याला कुठूनतरी कळलं होतं. पण तो बोलेना. गोष्ट माझ्या घरातली होती, म्हणून ती बोलायचा हक्क त्यानं मला ठेवला होता. आणि तिथंच दोन हातांवर वच्छला उभी, डोक्यावर पदर घेऊन, बायांमधे.

मी म्हणालो, "आबासाहेब, लोखंड चांगलं होतं."

एवढंच. तुमाला सांगतो, माझ्या जन्मातलं सगळ्यात वाईट वाक्य ते, आणि त्यात एक शब्द खोटा न्हवता. लोखंड चांगलंच होतं. मग वाईट काय उरलं? ते ज्यानं त्यानं समजून घेतलं. मेहबूब म्हणाला, "हौ. काम मेरा था." पाना उचलला, पिशवीत टाकला आणि गेला. चालताना त्या नळावर टकटकबी केली न्हाई त्यानं.

आठ दिवसांत त्यानं बिऱ्हाड हलवलं. त्याची बायको आमच्या घरी एक पितळी डबा परत द्यायला आली, कधीकाळी वच्छलानं लाडू घालून दिलेला. वच्छलानं विचारलं, कुठं निघालात? ती म्हणाली, पूर्णेला, रेल्वेनं परत बोलावलं. वच्छलाला वाटलं, बरं झालं, पक्की नोकरी लागली. मी आतल्या खोलीत बसून ऐकत होतो. म्हणालो, असू द्या, एकाचं नाव गेलं, पण एकीचा देव राहिला. असा हिशेब केला मी. आणि लोक मला हुशार व्यापारी म्हणतात!

नळ दुसऱ्या मिस्त्रीनं जोडून दिला, जिनिंग चालली, सहा वर्सं गेली. आबासाहेब वारले, त्यांच्या पोरांनी जिनिंग बंद केली आणि सगळं भंगार विकायला काढलं. ते कुणी घेणार? मीच. अंगणात नळाचे तुकडे येऊन पडले. बाकीचे तुकडे बघाल तर मेहबूबनं काल रंगवले असावेत असे, आणि सातव्या दगडावरचा तेवढा एक तुकडा चाळणीसारखा खाल्लेला. संध्याकाळी वच्छला बाहेर आली. त्या तुकड्याजवळ बसली, हात फिरवला आणि म्हणाली, "हा एवढाच का खाल्ला वो?"

आणि मी सांगितलं. काय झालं कुणास ठाऊक, एकदम सगळं बाहेर पडलं. उरलेला शेंदूर, मेहबूबचं 'पानी बंद कराव', गोठ्यातलं चामडं, लिंबाखालचं वाक्य. मला वाटलं, आता ही रडेल, न्हाईतर पुन्हा गप्प होईल. ती म्हणाली,

"तो तुमचा शेंदूर हाय हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक व्हतं. त्या दिवशी धोतर कुणी धुतलं तुमचं?"

मी म्हणालो, मग तू रोज जायचीस कशाला?

"नळाला हात अन् गाल लावायला. आतून पाणी जायचं, गार लागायचं. छबूचं कपाळ शेवटी असं तापलं व्हतं की माझा हात भाजायचा. तो हात गार व्हायचा तितं. आन् बाया भोवती असल्या की कुणी इचारत न्हवतं, का आलीस म्हून." मग म्हणाली, "चामड्याला घाण सुटली व्हती, बायांत भांडणं लागायली, म्हून मी काढलं. ते कशासाठी व्हतं हे मला कुणी सांगितलं? तुमी एक शब्द बोलला असता, तर मिस्त्रीला सांगून तितं सागाची फळी घालून घेतली असती मी."

सागाची फळी! ऐकताय का तुमी? बोटभर जाडीची फळी. माझ्या दुकानामागं असल्या फळ्या सरपणाला पडलेल्या असायच्या. आणि मी काय वाचवत होतो, तर जिला देव नकोच होता तिचा देव. तिला पाहिजे होता गारवा, आणि तो देणारा माणूस मी पूर्णेला हाकलला.

सकाळी ती म्हणाली, मिस्त्रीकडं चला.

गेलो. सेलूला गाडीत बसलो, पूर्णेला उतरलो, विचारत विचारत रेल्वेच्या चाळीत गेलो. मेहबूब दारातच बसला होता, दाढी पांढरी, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. वच्छलाला बघून उठून उभा राहिला. भाभी म्हणाला, मान खाली केली, बायकोला हाक मारली, चहा ठेवायला लावला. वच्छलानं खाली बसून सगळं स्वतः सांगितलं, एक शब्द मागं ठेवला न्हाई. म्हणाली, चामडं मी काढलं मिस्त्री, नाव तुमचं गेलं. तो म्हणाला, "भाभी, जिथं तुमचा हात लागला तिथं चूक मी कशी काढू?" आणि दोघंबी डोळे पुसायले. मी मधे बसलेलो, कपबशी हातात, चहावर साय धरायलेली.

मग मी बोललो. बोलायलाच तर गेलो होतो. म्हणालो, मेहबूब, मी उद्याच्या उद्या सेलूला जातो, चौकात उभा राहतो, आबासाहेबांच्या पोरांना सांगतो, मुकादमाला सांगतो, एकेकाला धरून सांगतो की काम चोख होतं, चूक माझी होती.

तो हसला. रागानं न्हाई हो, रागानं हसला असता तर मला बरं वाटलं असतं. म्हणाला, "किसकू बोलते, आप्पा? आबासाहेब गुजर गये. त्यांची पोरं तवा हैदराबादेत शिकायला व्हती, ती विचारतील, कौन मेहबूब? मुकादम गाव सोडून गेला. माझं नाव तितं आता कुणाच्याबी ध्यानात न्हाई. चांगलं न्हाई, वाईट न्हाई." आणि माझ्या हातातली कपबशी घेतली, म्हणाला, थंडा हो गया, दुसरा देतो.

परत येताना वच्छला खिडकीशी बसली आणि मी दाराशी. मानवतरोडला एक ओळखीचा व्यापारी चढला, म्हणाला, काय आप्पाराव, आज गप्प गप्प? आणि मी त्याला सगळं सांगितलं, सेलू येईपर्यंत. त्यानं ऐकून घेतलं, जांभई दिली अन् विचारलं, सध्या पत्र्याचा भाव काय चाललाय?

तसं हाय बघा. आता मी खरं बोलायला एकदम मोकळा हाय. कुणाचं त्यानं बिघडत न्हाई, कुणाचं सुधरत न्हाई.